जवाहरनगर, ४४१९०६: डेटाबेसचे नियम मोडून बघण्याविषयी

भंडारा जिल्ह्यातलं जवाहरनगर आयुध निर्माणीमुळे ओळखलं जातं. पण जवाहरनगर नावाच्या वस्त्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. पत्त्यावर नुसतं नाव लिहिलं, तर पत्र कुठल्या जवाहरनगरला जाईल याचा भरवसा नाही. हा घोळ मिटवायला टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड आणला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या अधिकाऱ्याची दुसरी ओळख संस्कृत कवी अशी होती. भंडाऱ्याच्या जवाहरनगरचा पिन कोड ४४१९०६.

समजा, इथल्या एका पतसंस्थेला सभासदांची नोंदवही संगणकावर आणायची आहे. टेबलमध्ये सभासद क्रमांक, नाव, गाव, पिन कोड, मोबाइल आणि ठेवीची रक्कम असे कॉलम आहेत. चुकीची नोंद आत येऊ नये म्हणून काय करायचं, आणि केलेलं खरंच काम करतंय हे कसं पाहायचं?

दोन नियम, दोन कामं

चेक हा नियम एका नोंदीपुरतं पाहतो. पिन सहा अंकी आहे का, पहिला अंक शून्य तर नाही, ठेव शून्याहून जास्त आहे ना. युनिक सगळं टेबल पाहतो: हा सभासद क्रमांक आधी कुणाला दिला आहे का.

फॉर्मवर हीच तपासणी असते, मग डेटाबेसमध्ये पुन्हा कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण डेटा फॉर्ममधूनच येतो असं नाही. जुनी एक्सेल फाइल एकदम चढवली जाते, पुढे मोबाइल ॲप येतं, कधी कुणी थेट क्वेरी चालवून दुरुस्ती करतं. या सगळ्या वाटा शेवटी टेबलात येतात, म्हणून नियम टेबलावरच हवा. आणि तो लिहिला म्हणजे झालं असंही नाही. मुद्दाम चुकीची नोंद पाठवून ती परत येते का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

काठावरच्या किमती

पिनसाठी चार आकडे पुरेसे बोलके आहेत: ९९९९९, १०००००, ९९९९९९ आणि १००००००. पहिला आणि शेवटचा नाकारला गेला पाहिजे, मधले दोन स्वीकारले गेले पाहिजेत. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा जास्त किंवा समान’ यांतली गल्लत इथेच सापडते.

बरोबर नोंदी पाठवून पाहणंही तितकंच गरजेचं आहे. जवाहरनगर ४४१९०६, पवनी ४४१९१०, तुमसर ४४१९१२ हे पाहून कुणी ‘जिल्ह्याचा पिन ४४१९ नेच सुरू व्हावा’ असा चेक लावला, तर साकोलीचा सभासद बाहेर राहील, कारण तिथला पिन ४४१८०२. उलट तिरोड्याचा ४४१९११ आरामात आत येईल, आणि तिरोडा आहे गोंदिया जिल्ह्यात. टपालाच्या हद्दी आणि जिल्ह्याच्या हद्दी वेगळ्या. नियम लिहिणाऱ्याला गाव माहीत हवं, एवढंच यातून दिसतं.

रिकाम्या जागेचा चकवा

सर्वांत जास्त फसवतो तो नल, म्हणजे न भरलेली किंमत. पिन भरलाच नाही तर चेक काय म्हणेल? नाकारेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तो नोंद आत सोडतो. एसक्यूएलमध्ये नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर ‘खरं’ही नाही, ‘खोटं’ही नाही, ते ‘अज्ञात’ असतं. चेक फक्त ‘खोटं’ आल्यावर अडवतो. म्हणून पिन हवाच असेल तर सोबत नॉट नल लिहावं लागतं.

युनिकचंही तसंच. पोस्टग्रेसएसक्यूएल आणि मायएसक्यूएल एका युनिक कॉलममध्ये कितीही नल चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर एकच चालवतो. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून नल एकमेकांसारखे धरण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते. एका डेटाबेसवर उत्तीर्ण झालेली चाचणी दुसऱ्यावर धरून चालू नका.

दिसायला एक, साठवायला दोन

मराठी डेटाची ही खास अडचण आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या मांडणीत मात्र ते दोन वेगळे शब्द, म्हणून गावांच्या यादीवर युनिक असूनही कऱ्हाड दोनदा आत जातं. युनिकोडच्या ठरावीक प्रमाणीकरणानेही ही रूपं एक होत नाहीत. नोंद साठवण्याआधी स्वतः एक रूप ठरवावं लागतं.

आकड्यांचंही हेच. पिन मजकूर म्हणून साठवला आणि चेक फक्त सहा अक्षरं मोजत असेल, तर देवनागरी आणि इंग्रजी आकडे दोन्ही पास होतात. दोन्ही रूपं चाचणीत घाला.

किती कडक?

नियम गरजेपेक्षा कडकही होऊ शकतो. उदाहरणार्थ, जमिनीचा गट क्रमांक गावापुरता वेगळा असतो. शेजारच्या गावात तोच क्रमांक असू शकतो. तिथे एकट्या गट क्रमांकावर युनिक चालत नाही, गाव आणि गट क्रमांक यांच्या जोडीवर लावावा लागतो. मोबाइलवर युनिक लावण्याआधी तर दोनदा विचार करावा. घरात एकच फोन असलेली कुटुंबं आहेत. नवऱ्याचा नंबर नोंदवला म्हणून बायकोचं सभासदत्व अडावं, हे मला मान्य नाही.

दोन खिडक्या, एक क्रमांक

‘आधी शोधा, नसेल तर भरा’ असा प्रोग्राम एकट्याने चालवला की नीट चालतो. दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी तोच क्रमांक भरला, तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोघेही भरतात. युनिक असेल तर पोस्टग्रेस पहिल्याचं ठरेपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवतो. पहिल्याने कमिट केलं, म्हणजे नोंद पक्की केली, तर दुसऱ्याला एरर. पहिल्याने रोलबॅक केलं, म्हणजे नोंद मागे घेतली, तर दुसऱ्याची नोंद आत. दोन सेशन उघडून हे दोन्ही प्रकार करून पाहा.

कुठली एरर?

‘एरर आली, चाचणी पास’ असं लिहू नका. चेकची चाचणी नॉट नलमुळेही पास झालेली असू शकते. पोस्टग्रेसमध्ये चेकसाठी २३५१४, युनिकसाठी २३५०५ आणि नॉट नलसाठी २३५०२ हा कोड येतो. तो, आणि नियमाला दिलेलं नाव, दोन्ही जुळवून पाहा. एररनंतर तिथे सगळं ट्रान्झॅक्शन अडतं, म्हणून प्रत्येक चुकीच्या नोंदीआधी सेव्हपॉइंट ठेवावा आणि एरर आली की त्याच्यापाशी परत यावं.

जुनी आवृत्ती

मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ या २०१९ सालच्या आवृत्तीआधी चेक लिहिता येत होता, पण पाळला जात नव्हता. एररही येत नसे. सर्व्हर नंतर नवा केला तरी तेव्हा लिहिलेले चेक लागू होत नाहीत, कारण ते कधी साठवलेच गेले नव्हते. तुमच्या संस्थेचं टेबल त्या काळातलं असेल, तर त्याची चाचणीसाठीची प्रत घ्या आणि तिच्यात पाच अंकी पिनची एक नोंद आजच भरून पाहा.