सव्यसाची खेळाडू : आल्फ्रेड लिट्लटन

अर्जुन दोन्ही हातांनीं बाण सोडी म्हणून तो सव्यसाची. खेळाच्या मैदानावर हें विशेषण ज्याला निःसंकोच द्यावें असा एक पुरुष राणी व्हिक्टोरियाच्या अमदानींत इंग्लंडांत होऊन गेला. फुटबॉल आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत इंग्लंडचा प्रतिनिधि म्हणून उतरलेला पहिला गृहस्थ तो. त्याचें नांव आल्फ्रेड लिट्लटन.

त्याचा जन्म १८५७ सालचा. लॉर्डाच्या घरचें हें बारावें अपत्य. आई त्याच वर्षीं वारली. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे त्याच्या मावशीचे यजमान. घर असें भरलेलें कीं, १८६७ सालीं वडील, आठ मुलगे व दोन काका मिळून अकरांचा पुरा संघ उभा राहिला आणि त्यानें एका शाळेच्या संघाला क्रिकेटमध्यें हरविलें! आल्फ्रेड तेव्हां दहा वर्षांचा होता.

१८७७ च्या मार्चांत ओव्हल मैदानावर इंग्लंड-स्कॉटलंड फुटबॉल सामना झाला. ईटनच्या मुलांची रीत अशी कीं, चेंडू पायांशीं आला म्हणजे तो सुटेपर्यंत एकट्यानेंच पुढें न्यावयाचा. स्कॉटिश गडी मात्र चेंडू एकमेकांना देत देत येत. त्यांनीं ३-१ असा विजय मिळविला. इंग्लंडचा एकुलता गोल लिट्लटनचा. तथापि शेफील्डच्या मोस्फोर्थनें, ‘तुम्हीं चेंडू देतच नाहीं,’ अशी तक्रार केली, तेव्हां आपण केवळ स्वतःच्या आनंदासाठीं खेळतों, असें उत्तर मिळाल्याचें सांगतात. मला या उत्तराचा राग येतो आणि हसूंही येतें. असा एक विद्यार्थी माझ्या प्रत्येक वर्गांत असे. स्वतःला उत्तर येतें म्हणून शेजाऱ्याला तोंड उघडूं देत नसे. त्याला रागें भरावें, तर परीक्षेंत गुणही त्याचेच अधिक!

पण हाच लिट्लटन क्रिकेटमध्यें विकेटकीपर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चेंडूंमागें दिवसभर वांकून उभा राहणारा. १८८४ च्या ऑगस्टांत ओव्हलवर ऑस्ट्रेलियानें धावांचा डोंगर रचला. मर्डॉकनें २११ धावा काढल्या. कसोटी सामन्यांतलें तें पहिलें द्विशतक. इंग्लंडचे कप्तान लॉर्ड हॅरिस. हेच पुढें १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते, आणि शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड त्यांच्याच नांवाची. अकराही जणांनीं गोलंदाजी केली. लिट्लटननें हातमोजे काढले, ते ग्रेसनें चढविले, आणि खालच्या हातानें सोडलेल्या, तेव्हांही जुनाट झालेल्या, उंच चेंडूंनीं या विकेटकीपरनें १९ धावांत ४ गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाचा डाव ५५१ वर आटोपला. सामना अनिर्णीत राहिला.

पुढें तो बॅरिस्टर, पार्लमेंटचा सभासद आणि १९०३ ते १९०५ वसाहतमंत्री झाला. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना मजूर मिळेनात. तेव्हां करारबद्ध चिनी मजूर आणण्याच्या कायद्याला त्यानें १९०४ सालीं संमति दिली. हे मजूर आवारांत कोंडलेले असत आणि परवान्यावांचून त्यांना बाहेर पडतां येत नसे. ‘चिनी गुलामगिरी’ म्हणून देशभर ओरड झाली. १९०६ च्या निवडणुकींत पक्षही पडला व त्याची जागाही गेली. माझ्या मतें ही ओरड सर्वस्वीं राजकारणी नव्हती. मोस्फोर्थला निदान तोंडावर तक्रार करतां आली. त्या मजुरांना तेवढीही सोय नव्हती.

१९१३ सालीं एका क्रिकेट सामन्यांत त्याच्या पोटाला चेंडू लागला आणि त्यांतूनच ५ जुलै रोजीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, त्याला मृत्यु आला. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ विरुद्ध पक्षाचे, पण नात्यानें साडू. कारण लिट्लटनची पहिली पत्नी लॉरा ही अ‍ॅस्क्विथबाईंची बहीण. ती बिचारी विवाहानंतर वर्षाच्या आंत, १८८६ सालीं, बाळंतपणानें गेली होती. आपला मुलगा असा निपजावा असें प्रत्येक इंग्रज पित्याला वाटेल, अशा आशयाचे उद्गार अ‍ॅस्क्विथ यांनीं पार्लमेंटांत काढले. आल्फ्रेडचे स्वतःचे वडील मात्र १८७६ सालींच वारले होते. मुलानें इंग्लंडसाठीं केलेला तो गोल त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.