दुकानातल्या डिस्कची नाडी घरूनच तपासा

पूर्वी दुकानाची खतावणी लाल कापडात बांधून लोखंडी पेटीत ठेवली जाई. तिला भीती होती वाळवीची आणि ओलीची. आज नांदेडच्या इतवाऱ्यातील कापड दुकान असो की लातूरच्या गंजगोलाईतील किराणा, उधारी, बिले आणि मालाचा हिशेब संगणकात असतो. छापखानेवाल्याच्या लग्नपत्रिका, स्टुडिओवाल्याचे फोटो, भरतकाम यंत्रावर करणाऱ्या कारागिराची नक्षी, सारे हार्ड डिस्कवर. वहीची चार पाने खराब झाली तर बाकीची वाचता येतात. डिस्क बसली तर बहुधा सगळेच जाते. जीएसटी कायद्यानुसार तर हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

डिस्क पुष्कळदा आधी सूचना देते, पण आपण तिला विचारीत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती नोंद वाचायला कारागीर बोलवावा लागत नाही.

घर वर, दुकान खाली

आपल्याकडे पुष्कळांचे घर वर आणि दुकान खाली असते, वायफायही एकच असते. तेव्हा दुकानातला संगणक घरच्या संगणकावरून तपासता येतो. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा मोफत प्रोग्राम आहे. त्याचेच खिडकीत दिसणारे सोपे रूप म्हणजे ‘जीस्मार्टकंट्रोल’. तो दुकानातल्या संगणकावर बसवावा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ‘रिमोट डेस्कटॉप’ने आणि लिनक्स असेल तर ‘एसएसएच’ने घरून आत जाता येते.

चाचणी डिस्कच्या आत, डिस्क स्वतःच करते. नेटवर्कवरून फक्त आपला हुकूम जातो आणि अहवाल परत येतो. म्हणून वायफाय मंद असले तरी बिघडत नाही. छोटी चाचणी सुमारे दोन मिनिटांची. मोठी चाचणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते. एक टेराबाइटच्या डिस्कला दोन-तीन तास सहज लागतात. ती रात्री दुकान बंद झाल्यावर लावावी, संगणक मात्र चालू ठेवावा आणि तो आपोआप झोपी जाणार नाही हे पाहावे. वीज गेली तर चाचणी अर्धवट राहते, म्हणून यूपीएस हवाच. छोटी चाचणी दर आठवड्याला आणि मोठी महिन्यातून एकदा, एवढे पुरे.

कोणते आकडे पाहावेत?

अहवालात पुष्कळ ओळी असतात. त्यांतल्या चार ध्यानात ठेवाव्यात. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, निर्णयाच्या प्रतीक्षेतील जागा. १९८ म्हणजे चाचणीतही सुधारल्या नाहीत अशा जागा. या तिघांपुढे शून्य असावे. आकडा आला आणि वाढत चालला तर त्याच दिवशी नक्कल काढून नवी डिस्क आणावी. १९९ वाढला तर दोष बहुधा तारेचा असतो. तार बदलावी, डिस्क फेकू नये. तारीख आणि आकडे एका वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे वाढ लगेच नजरेस येते.

उन्हाळ्यावरही नजर हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या दुकानात तर बोलायलाच नको. अहवालात डिस्कचे तापमान दिसते. ते पन्नाशीकडे जाऊ लागले तर पंख्यावरची धूळ काढावी आणि संगणक भिंतीपासून दूर सरकवावा.

चाचणी म्हणजे विमा नव्हे

गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. वाचनदोष पहिल्यांदा आढळल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट दिसली. पण बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांनी चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानावा, मात्र इशारा नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

यावर उपाय एकच, नक्कल. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात. एक दुकानात, दुसरी घरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरे कोसळली, तेव्हा घरात होते ते ढिगाऱ्याखाली गेले. एका छपराखालच्या दोन प्रती ही एकच प्रत समजावी. नांदेडच्या व्यापाऱ्याने आपली प्रत लातूरच्या मेहुण्याकडे ठेवावी, मेहुण्याने त्याची नांदेडला. ती उघडते की नाही हे मधूनमधून पाहावे.

दोन सावधगिऱ्या. दुकानाच्या संगणकात शिरण्याची वाट घरच्या नेटवर्कपुरतीच ठेवावी. राउटरमधून ती बाहेरच्या इंटरनेटला खुली करू नये. वायफायचा आणि संगणकाचा पासवर्ड वेगवेगळा असावा. शिवाय काही बाहेरच्या यूएसबी डिस्कांच्या पेट्या हा अहवाल पुढे जाऊ देत नाहीत. तशी डिस्क थेट संगणकाला जोडून तपासावी.

गल्ला मोजल्याशिवाय आपण दुकान बंद करीत नाही. महिन्यातून एक रात्र डिस्कसाठीही काढावी. सहा वर्षांची उधारी पुन्हा आठवून लिहिण्यापेक्षा ते सोपे आहे.