स्पॉटलाइट : उजेड थोडा, पण नेमका!

मी एटापल्लीची आहे असं सांगितलं की होस्टेलवर हमखास प्रश्न येतो, "तिथे लाइट तरी असते का गं?" असते हो! पावसाळ्यात जंगलातलं एखादं झाड तारांवर पडलं की जाते, पण येतेही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिहायचा म्हटल्यावर आधी घामच फुटला. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या ब्रँचचा आहे, आणि त्यात मी स्वतः सपशेल आपटलेली आहे. म्हणून तो सांगायचा हक्क मला आहे असं मला वाटतं!

आमच्या मोठेबाबांचं एटापल्लीत कापडाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ट्यूबलाइट काढून आठ स्वस्तातले पांढरेशुभ्र स्पॉटलाइट लावून घेतले. दुकान लखलखलं! पण लग्नसराईत एक बाई शालू परत घेऊन आल्या. दुकानात तो विटकरी दिसला होता, अंगणात उघडला तर लालभडक. मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मोठेबाबांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "बाई, तीन वर्षं झाली इंजिनिअरिंग शिकून राह्यली. एवढं सांग, हा लाइट खराब हाये का माह्यी साडी?"

व्हायवामध्ये सुद्धा इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

साडी का फसवते?

पांढरा एलईडी हा मुळात पांढरा नसतोच. तो निळा असतो! निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देतात, आणि निळा अधिक पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. हा कार्यक्षम निळा एलईडी बनवल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण स्वस्तातल्या फॉस्फरमध्ये लाल रंगाचा भाग फार कमी असतो. आता दिव्यातच लाल नाही, तर साडीने तो परत कुठून पाठवायचा? म्हणून लाल शालू मातकट दिसतो. बाहेर सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, तिथे त्याचं खरं रूप उघडं पडतं.

हे मोजायचं माप म्हणजे सीआरआय. कमाल 100. जुना पिवळा बल्ब आणि हॅलोजन जवळजवळ 100 ला पोचतात. एलईडीच्या खोक्यावर 80 लिहिलेलं असेल तर घरात चालून जातं, पण कापड, सोनं, भाजी, मिठाई, ब्युटी पार्लर अशा ठिकाणी 90 च्या वरचाच घ्यावा. खोक्यावर सीआरआय लिहिलाच नसेल, तर तो का लिहिला नाही हे तुम्हीच ओळखा!

दुसरा आकडा केल्विनचा. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 4000 म्हणजे मधला, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे "जास्त पांढरा म्हणजे जास्त उजेड" असा समज पक्का बसलेला आहे. तो चूक आहे. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग, उजेडाचं प्रमाण नव्हे. कापडाच्या दुकानाला 4000, आणि घरात बसायच्या खोलीला, देवघराला 3000 बरा.

वॅट विसरा, लुमेन बघा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, लुमेन म्हणजे तो किती उजेड देतो. 50 वॅटच्या हॅलोजन स्पॉटचं काम आज 6-7 वॅटचा चांगला एलईडी करतो. हिशोब करून बघू. आठ हॅलोजन दिवसाला 10 तास लावले तर 4 युनिट. आठ एलईडी 7 वॅटचे, तेवढेच तास, तर 0.56 युनिट. महिन्याला शंभरावर युनिट वाचतात. शिवाय हॅलोजनची उष्णता वेगळीच. आमच्याकडच्या मे महिन्यात डोक्यावर आठ छोट्या शेगड्या कशाला हव्यात?

पण स्पॉटलाइटमध्ये नुसते लुमेन पुरत नाहीत. ते कुठे पडतात हे महत्त्वाचं. ते ठरवतो बीमचा कोन. सूत्र बारावीतलंच आहे : उजेडाच्या गोलाचा व्यास म्हणजे अंतराची दुप्पट गुणिले कोनाच्या निम्म्याचा टॅन. आमच्या दुकानात दिव्यापासून काउंटरपर्यंत 2.1 मीटर अंतर आहे. 24 अंशांचा दिवा तिथे साधारण 0.9 मीटरचा गोल पाडतो, 36 अंशांचा 1.36 मीटरचा आणि 60 अंशांचा 2.4 मीटरचा. म्हणजे दिवा तेवढ्याच लुमेनचा असला तरी 60 ऐवजी 36 अंशांचा घेतला की काउंटरवरचा उजेड ढोबळमानाने तिप्पट होतो. वॅट न वाढवता! अंतर दुप्पट केलं तर मात्र उजेड चौथाईवर येतो. म्हणून उंच छपराला अरुंद कोन आणि ठेंगण्या छपराला रुंद कोन, एवढं लक्षात ठेवा.

कुठे आणि कसा लावायचा?

छताला आरपार भोक पाडून बसवतात ते दिवे फॉल्स सीलिंगसाठी असतात. आमच्या घरासारख्या कवेलूच्या घरात किंवा नुसत्या स्लॅबच्या दुकानात त्यांचं काही काम नाही. तिथे पृष्ठभागावर बसणारे डबीसारखे दिवे किंवा ट्रॅक, म्हणजे सरकवता येणारी पट्टी घ्यावी. गिट्टी ठोकून स्क्रूने घट्ट बसवायचं, खिळ्यावर भागवायचं नाही.

भिंतीवरच्या फोटोवर किंवा शोकेसवर उजेड पाडायचा तर दिवा सरळ खाली न ठेवता सुमारे 30 अंश तिरपा करावा. छत 3 मीटरवर आणि वस्तू 1.5 मीटर उंचीवर असेल तर दिवा भिंतीपासून 0.87 मीटर, म्हणजे जवळपास तीन फूट पुढे यायला हवा. जास्त जवळ घेतला तर लांब सावल्या पडतात, जास्त दूर घेतला तर बघणाऱ्याचीच सावली वस्तूवर पडते. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे दिवा कधीच नको. नाहीतर ते बिचारं स्वतःच्याच सावलीत साडी बघत बसतं.

घरात वेगळाच विचार करावा लागतो. आमची आजी तांदूळ निवडताना खिडकीकडे सरकते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि आत कमी उजेड पोचतो. अशा वेळी अख्खी खोली पेटवण्यापेक्षा तिच्या सुपावर एक स्पॉट पुरतो. मात्र तो तिच्या डोळ्यात जाता कामा नये. मागून, खांद्यावरून आला पाहिजे.

अंगणात लावायचा तर आयपी 65 किंवा त्याहून वरचा घ्या. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. तोंड खाली ठेवा आणि उजेड पिवळसरच घ्या, कारण निळसर उजेडावर किडे जास्त झेपावतात. जंगलाला लागून राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको : किडे आले की बेडूक येतात, बेडूक आले की त्यांच्या मागावरचा पाहुणाही येतो!

आणि आता माझी फजिती

एवढं सगळं मी वहीत मांडलं. चंद्रपूरहून 90 सीआरआयचे, 4000 केल्विनचे, 36 अंशांचे आठ दिवे आणले. ड्रायव्हर 100 ते 300 व्होल्टवर चालणारा घेतला, कारण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं. दिव्याच्या पाठीला जाड अॅल्युमिनियम आहे की नाही तेही बघितलं. एलईडी उजेडाच्या दिशेने थंड वाटला तरी पाठीमागे तापतो, आणि ती उष्णता बाहेर गेली नाही तर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. ट्रॅक लागला, दिवे लागले. काउंटरवरचा शालू आणि अंगणातला शालू एकाच रंगाचा दिसला. मोठेबाबा खुश, मी तर हवेतच!

तिसऱ्या दिवशी माझा चुलत भाऊ ओल्या फडक्याने ट्रॅक पुसायला स्टुलावर चढला आणि किंचाळून खाली पडला. शॉक बसला होता. नशीब बलवत्तर, हाताला फक्त खरचटलं. मोठी आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी अजून विसरले नाही.

काय झालं होतं? ट्रॅक धातूचा होता. त्याला हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग, मी स्वतः जोडली होती. पण ती पुढे मेन बोर्डात कुठे जाते हे मी बघितलंच नव्हतं. बोर्ड उघडला तर ती वायर कापून टेप गुंडाळून ठेवलेली! दुकानाला अर्थिंगच नव्हतं. एका जोडात फेज वायरचं इन्सुलेशन सोललं जाऊन ट्रॅकला टेकलं होतं. करंटला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून तो वाट बघत बसला होता. ओल्या हाताने ती त्याला मिळाली. एमसीबी का पडला नाही? कारण एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. तो अनेक अँपिअरला पडतो, आणि माणसाचा जीव घ्यायला काही दशक मिलिअँपिअरही पुरतात.

मग परवानाधारक वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मागच्या अंगणात अडीच मीटरचा जीआय पाइप गाडून, भोवती कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं आणि मीटर लावून तपासलं. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तो जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमधला फरक बघतो. फरक पडला, म्हणजे करंट दुसरीकडेच कुठेतरी चालला आहे, की क्षणात लाइन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे काम आता माझ्या भावाकडे आहे. तो ते एकदाही विसरत नाही!

तेव्हा मित्रांनो, दिवे घ्यायला जाण्याआधी हे करा. मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. अर्थिंग शेवटपर्यंत पोचतं का ते वायरमनकडून तपासून घ्या. बोर्डात आरसीसीबी आहे का बघा. स्विच न्यूट्रलवर नाही तर फेजवर आहे ना, हेही विचारा, कारण न्यूट्रलवर असेल तर स्विच बंद करूनही दिव्यात फेज राहतो. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. खूण नसेल आणि बॉडी धातूची असेल, तर अर्थिंगशिवाय लावूच नका. आणि हे सगळं झाल्यावरच लुमेन, केल्विन आणि सीआरआयचं कौतुक करा. मी उलट्या क्रमाने केलं होतं.

मोठेबाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, की साडी चांगली आहे, लाइट खराब होता. परत कॉलेजला निघताना ते बसस्टँडवर सोडायला आले आणि म्हणाले, "बाई, उजेड झकास झाला. पन पुढच्या खेपेला आधी जमिनीकडं पाह्यजो, मंग छताकडं."

चार वर्षांच्या डिग्रीत इतकं सोपं वाक्य अजून कुठल्याही पुस्तकात मला सापडलेलं नाही!