चौमहल्ल्यातील पिवळी मोटार

चारमिनारापासून लाड बाजार ओलांडून खिलवतकडे वळले, की चौमहल्ला महाल लागतो. गावाकडून पाहुणे आले की त्यांना तेथे नेणे हा हैदराबादेतील मराठी घरांचा जणू कुळाचारच आहे. दरबाराचे दालन आणि तेथील झुंबरे पाहून झाली, की मंडळी जुन्या मोटारींकडे येतात आणि एका पिवळ्या मोटारीपुढे थबकतात.

ही रोल्स-रॉईस १९१२ सालची. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली असे सांगतात. परंतु ऑगस्ट १९११ मध्ये ते निवर्तले आणि मोटार लाभली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांना. तिचा सांगाडा व इंजिन रोल्स-रॉईसचे, तर वरचा साज लंडनच्या बार्कर कंपनीचा. त्या काळी मोटार अशीच दोन घरी घडत असे. मागील बैठक सिंहासनासारखी उंच, म्हणून ‘सिंहासन-मोटार’ हे नाव. सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेसात लिटरांचे हे इंजिन, ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून जगाला ठाऊक असलेले. आवाज जवळजवळ नाहीच, हे त्याचे वैशिष्ट्य. एवढे बलवान यंत्र येथे मात्र मिरवणुकीच्या चालीनेच चालले. समारंभापुरतीच ती बाहेर निघे.

मोटार न वापरल्याने टिकते, हा समज अर्धाच खरा. रंग नि गाद्या टिकतात. पण उभ्या गाडीतील पेट्रोलचा चिकट राळ बनतो, रबर तडकते, सिलिंडरांच्या आत गंज धरतो. जुन्या गाडीची खरी सेवा ती मधूनमधून चालविण्यातच आहे.

हे वैभव पाहताना मराठवाड्यातून आलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न डोकावल्याशिवाय राहत नाही. ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे निजामांची खाजगी जहागीर. तिच्यात आजच्या धाराशिव जिल्ह्यातलाही काही मुलूख होता. १९४९ साली ती संस्थानात विलीन होईपर्यंत तेथला सारा थेट निजामांच्या खाजगी तिजोरीत जमा होई. तेव्हा ज्वारी-कापूस पिकविणाऱ्या आपल्या आजे-पणजांनीही अशा वैभवाला हातभार लावला, असे म्हटले तर कोणाला राग येऊ नये. त्यांतील कितीजणांनी ही मोटार डोळ्यांनी पाहिली असेल, हा प्रश्न वेगळा.

त्यांच्या वाट्याला आली ती दुसरी मोटार. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने रस्ता-वाहतूक विभाग काढला. आरंभी बसगाड्या सत्तावीस आणि नोकर एकशे सहासष्ट. त्या काळच्या अल्बियन बनावटीच्या बसचे कोणी चित्र काढले नसेल. परंतु माझ्या मते हैदराबादच्या मोटार-इतिहासातील मानाचे पान तिचेच आहे. राज्य-पुनर्रचनेनंतर या वाहतुकीचा मराठवाड्यातील भाग वेगळा झाला आणि १९६१ साली महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळात सामावला. नांदेडहून लग्नाला येणारी आपली आत्या ज्या एस.टी.त बसते, तिचे एक मूळ असे निजामशाहीत आहे.

वाचकांपैकी काहींच्या दारी वडिलांची जुनी फियाट अजून झाकून ठेवलेली असेल. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’ हा दर्जा दिला आहे. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षे चालते. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास वा धंद्यास नाही.

क्रमांकावरून आठवले. येथील सरकारी बसच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर असते. निजामांनी मातोश्री झहरा बेगम यांच्या स्मरणार्थ ते राखून घेतले, अशी आख्यायिका शहरात घरोघरी सांगतात. कागदोपत्री पुराव्याची वाट न पाहता जुने कंडक्टर ती आजही मोठ्या खात्रीने ऐकवतात.