भारतात कायमचं राहायचं असेल तर

दिल्लीत मुनिरक्याला लागूनच रामकृष्ण पुरम आहे. शहरातल्या परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय तिथेच आहे. आता बरीच कामं ऑनलाइन होतात, पण मूळ प्रश्न तोच राहतो: व्हिसा वाढवत राहण्यापलीकडे काय?

अमेरिकेच्या ग्रीन कार्डासारखी सर्वांसाठी खुली सोय आपल्याकडे नाही. 2016 साली केंद्राने ‘कायम निवासी दर्जा’ दिला, तो गुंतवणूकदारांना. 18 महिन्यांत 10 कोटी किंवा 36 महिन्यांत 25 कोटी रुपये आणायचे आणि दरवर्षी किमान 20 भारतीयांना रोजगार द्यायचा. दर्जा मिळतो 10 वर्षांचा, पुढे वाढवता येतो. मुनिरक्यात खोली घेऊन शिकणाऱ्या परदेशी पोराला त्याचा काय उपयोग?

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. भारतीयाशी लग्न झालेल्यांनाही ते मिळू शकतं. मात्र लग्नाची नोंदणी हवी आणि ते सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. या कार्डावर आयुष्यभर येता-राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

उरतं नागरिकत्व. 1955 च्या कायद्यानुसार ते देशीयकरणाने मिळवायला साधारणपणे एकूण 12 वर्षांचा वास्तव्यकाळ लागतो. अर्जाआधीचे 12 महिने सलग. शिवाय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी लागते. ती हिंदीच हवी असं नाही, मराठीही चालते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.