जंगली कोण?

पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मला नाव पडलं, ‘जंगली’. गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं. तोंडात ‘डोळा’चा ‘डोरा’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’. खोलीतल्या सांगोल्याच्या मित्राला तेवढं पुरलं. शिवी नव्हती ती, लाडच होता. पंधरा दिवसांनी त्यानं घरी फोन लावला आणि नंतर सहज म्हणाला, “आबा रानात गेलेत.” मी घाबरून विचारलं, “एकटेच? कधी परतणार?” खोलीभर हशा पिकला. त्यांच्याकडे रान म्हणजे शेत. ‘अरण्य’ झिजून झालेल्या शब्दात त्या लोकांनी ज्वारी पेरून ठेवली होती.

तेव्हापासून मी ‘जंगली’च्या मागावर आहे.

हे विशेषण आता इंग्रजीचंही आहे. साहेबानं इथून नेलेल्या शब्दांची मोठी मोजदाद हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात केली, 1886 साली. ‘जंगल’ची नोंद करताना त्यांनी पायऱ्या नीट लावल्या आहेत : आधी नुसती पडीक जमीन, मग झुडपं-गवत माजलेली जमीन, आणि शेवटी साहेबाच्या तोंडी घनदाट अरण्य. सर्वांत जुना इंग्रजी दाखला ते 1776 चा देतात. वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून पंडितांनी संस्कृतात धर्मशास्त्राचा संग्रह केला, त्याचं फारसी झालं, आणि त्या फारसीवरून नॅथॅनियल हालहेडनं इंग्रजी केलं. त्यात पाच वर्षं न कसलेल्या जमिनीला ‘जंगल’ म्हटलं आहे. म्हणजे हा शब्द इंग्रजीत शिरला तो वाघ घेऊन नव्हे, शेतजमिनीच्या कायद्यातून.

खरी गंमत त्याच्याही मागे आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे मोकळं आभाळ, कोरडा बोचरा वारा, खरखरीत वाळू आणि खडे, मृगजळ, लावे, तित्तिर, आणि अंगानं टणक माणसं. आनूप म्हणजे नद्या, पाणथळ जागा, गार वारा, हंस, बगळे. ओल्या किर्र झाडीला आपण जंगल म्हणतो. वैद्यांच्या लेखी ती जांगलाच्या उलट टोकाला. बिकानेरचे राजे स्वतःला ‘जांगलधर बादशाह’ म्हणवत, ते वाळवंटावर राज्य करून. महाभारतातलं कुरुजांगलही काही आसामसारखं हिरवंगार नव्हतं. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकानं 1982 साली या उलटापालटीवर आख्खं पुस्तक लिहिलं. मला ते फार उशिरा हाती लागलं, नाहीतर होस्टेलवर उत्तर तयार असतं.

मग जगाच्या डोक्यात हिरवंगार ‘जंगल’ पक्कं कुणी बसवलं? एकट्याचं नाव घ्यायचं तर रुडयार्ड किपलिंगचं. ‘द जंगल बुक’ 1894 चं. मोगलीचा मुलूख सिवनीच्या डोंगरातला आणि त्याची नदी वैनगंगा, आमचीच. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगम पावून, बालाघाट-गोंदियावरून ती भंडाऱ्यात येते आणि पवनीच्या घाटाखालून पुढे जाते. किपलिंगनं मात्र हे पुस्तक लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. रॉबर्ट स्टर्नडेलचं सिवनीवरचं 1877 चं पुस्तक त्याच्या कामी आलं होतं.

‘जंगली’ला खेळकरपणा आला तो मात्र शहरात. 1961 साली शम्मी कपूरचा ‘जंगली’ आला. त्यात हसायलाही बंदी असलेल्या घरातला तरुण बर्फात लोळतो आणि विशेषण एकदम मोकळं, तरणं होऊन जातं. त्याच शब्दापुढे ‘महाराज’ लावलं की ते संताचं नाव होतं आणि पुणेकर हात जोडतात. शब्द तोच, बोलणाऱ्याचा चेहरा बदलला की अर्थ बदलतो. एक गोष्ट मात्र मी नेमकी पाहिली आहे : रानाजवळ राहणारा माणूस हे विशेषण स्वतःला लावत नाही. ते बाहेरून लावलं जातं.

आमचा स्वतःचा शब्द झाडी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही झाडीपट्टी. तिची बोली झाडीबोली, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ती अभ्यासाला घेतली आणि तिचा शब्दकोश केला. तिच्यात ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’, ‘श’चा ‘स’. खोलीतल्या मित्राला जो गावंढळपणा वाटला, तो नियम होता.

आणि ही झाडी नुसत्या झाडांची नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली चला. आदल्या दिवशी पाला झाडून जागा स्वच्छ केलेली असते. फिकट पिवळी, रसानं जड फुलं टपटप पडत असतात, आणि बाया-पोरं वाकून टोपल्या भरत असतात. अंगणात दोन-तीन दिवस वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात. पलीकडे भाताच्या बांध्या, छोट्या तळ्यांसारख्या बोड्या आणि ‘मामा तलाव’. हे ‘मामा’ही विशेषणच, आणि जन्म कचेरीतला. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’चं ‘मा.मा.’ झालं आणि लोकांनी त्याचा मामा करून टाकला. जुलैत याच पाण्यावर पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून रोवणी चालते. गुडघाभर चिखल, ओळीनं वाकलेल्या बाया, बांधावर बगळे.

चरकाला इथं आणलं असतं तर? खैर आणि तेंदू त्यानं जांगलाच्या यादीत घातले आहेत, आणि ते आमच्याकडे भरपूर. पण तलाव, चिखल, बगळे पाहून शिक्का ‘साधारण’चा मारला असता, आनूपाकडे झुकता. जांगल म्हणून नक्कीच नाही.

मध्यंतरी मित्राला फोन करून चरकाची यादी वाचून दाखवली : मोकळं आभाळ, बोचरा वारा, खडे, तित्तिर, बोरी, टणक माणसं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “अरे, हा तर आमचा माळ.” म्हटलं, “हो, जंगली तू.” त्यानं विचारलं, “आणि तू रे?”

“आमी झाडीतले जी.”