सिंहाची दाढी आणि जावळीचे खोरे

‘टू बिअर्ड द लायन इन हिज डेन’ हा इंग्रजी वाक्प्रचार प्रथम वाचणारा गोंधळतो, कारण दाढी या अर्थाचे नाम येथे क्रियापद झाले आहे. ‘बिअर्ड’ करणे म्हणजे दाढीला हात घालणे, अर्थात उघड आव्हान देणे. बायबलमध्ये मेंढपाळ दावीद सांगतो की, कळपावर आलेल्या सिंहाची दाढी धरून आपण त्याला ठार केले. पुढे सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘मार्मियन’ (१८०८) या काव्याने सिंहाच्या गुहेची ही प्रतिमा लोकप्रिय केली. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच मुलखात जाऊन भिडण्याची जोखीम, असा त्याचा अर्थ. आपले ‘वाघाच्या जबड्यात हात घालणे’ याच्या जवळ जाते. पण त्यात गुहा नाही, आणि इंग्रजी वाक्प्रचाराचे मर्म तर गुहेतच आहे.

ते मर्म समजून घेण्यास जावळीसारखे उदाहरण नाही. मेढा हे आज जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. मूळ जावळी मात्र पश्चिमेला, प्रतापगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात. दाट अरण्य आणि अवघड घाट यांच्या भरवशावर चंद्रराव मोरे तेथे निर्धास्त होते. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये त्याच खोऱ्यात शिरून जावळी घेतली. हा वाक्प्रचार येथे चपखल बसतो.

प्रतापगडच्या भेटीलाही तो अनेकदा लावला जातो. आमच्या मते ती चूक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी प्राण पणाला लावले हे खरेच. परंतु वाईचा तळ सोडून, रडतोंडीचा घाट उतरून जावळीत आला तो अफझलखान. गुहा महाराजांची होती. खानाच्या बाबतीत इंग्रज ‘वॉकिंग इन्टू द लायन्स डेन’ म्हणेल.

लाल महालाची गोष्ट आणखी बोलकी. वाडा महाराजांचा, बालपण गेले तेही तेथेच. पण १६६३ मध्ये शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून त्यात राहत होता आणि सभोवती मोगल फौजेचा वेढा होता. ५ एप्रिलच्या रात्री महाराज आत शिरले. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला. गुहा कोणाची हे मालकीवरून नव्हे, तर त्या घटकेला तेथे कोणाचा अंमल चालतो त्यावरून ठरते.

आजच्या इंग्रजीत वाक्प्रचार पुष्कळच सौम्य झाला आहे. मुख्यमंत्र्यांविरुद्ध त्यांच्याच मतदारसंघात उभा राहणारा उमेदवार किंवा थेट मालकाच्या दालनात जाऊन पगाराचा प्रश्न काढणारा कर्मचारी, दोघांनाही तो शोभतो. कित्येकदा सिंह गळून नुसते ‘बिअर्ड’ उरते आणि गुहेच्या जागी ‘ऑफिस’ येते. मात्र घरबसल्या धाडलेल्या खरमरीत पत्राला तो लावू नये.